ईबी-५ आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम ईबी-५ फायलीच्या भारतीय बाजूचं : पैसा कुठून आला आणि तो अमेरिकेत कसा गेला, याचे कागद जुळवायचे. अमेरिकन कायद्याचा भाग तिकडचे इमिग्रेशन वकील बघतात. फोनवर आणि कार्यालयात लोक जे प्रश्न विचारतात, ते साधारण त्याच क्रमानं खाली दिले आहेत.

ईबी-५ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत उद्योगात पैसे गुंतवायचे, त्यातून किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हायच्या आणि त्या बदल्यात गुंतवणूकदार, जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांना ग्रीन कार्ड, अशी ही योजना. १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून ती आली. आजचे नियम १५ मार्च २०२२ ला झालेल्या सुधारणा कायद्याचे आहेत. सर्वसाधारण रक्कम १० लाख ५० हजार डॉलर. प्रकल्प ग्रामीण भागात, जास्त बेरोजगारीच्या भागात किंवा सरकारी पायाभूत सुविधांच्या गटात असेल तर ८ लाख डॉलर. आपल्याकडचे जवळजवळ सगळे ८ लाखांच्याच मार्गानं जातात.

पूर्वी हीच रक्कम ५ लाख होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ९ लाख केली, जून २०२१ मध्ये तिकडच्या न्यायालयानं तो नियम रद्द केला आणि मग २०२२ चा कायदा आला. त्यामुळे "माझ्या मित्रानं पाच लाखांत केलं" हे ऐकलेलं खरं असतं, पण आज उपयोगाचं नसतं.

एकूण खर्च किती धरायचा?

डॉलरचा भाव ९० रुपये धरला तर नुसते ८ लाख डॉलर म्हणजे ७ कोटी २० लाख रुपये. त्यावर रीजनल सेंटरची, म्हणजे अनेक गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून प्रकल्पात लावणाऱ्या सरकारमान्य संस्थेची, प्रशासकीय फी, साधारण ५० ते ८० हजार डॉलर, आणि ही सहसा परत मिळत नाही. शिवाय वकिलाची फी, सरकारी फी, इकडच्या सीएची फी आणि भाषांतरं. सरकारी फीचे आकडे गेल्या काही वर्षांत वर-खाली होत राहिले आहेत, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या, संकेतस्थळावरचा आकडा बघा. एजंटाच्या जुन्या पत्रकावरचा नको.

पैसे भरले म्हणजे ग्रीन कार्ड नक्की ना?

नाही. पैसा "जोखमीवर" असला पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. मुद्दल परत देण्याची हमी करारात असेल तर त्याच कारणानं अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणजे "मनी बॅक गॅरंटी" देणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा तुमची फाईल बुडवतोय.

मिळतं ते आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. दोन वर्षं पुरी होण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ अर्ज करून दाखवायचं की पैसा लागला आणि दहा नोकऱ्या झाल्या. तो मंजूर झाला की अट जाते.

स्वतःचं मोटेल किंवा रेस्टॉरंट काढलं तर चालेल?

चालेल, पण मग दहाही माणसं तुमच्या पगारपत्रकावर हवीत, आठवड्याला किमान ३५ तास, आणि ती अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथं कामाचा कायमचा हक्क असलेली. बायको आणि मुलगा मोजत नाहीत. रीजनल सेंटरच्या प्रकल्पात बांधकामामुळे आजूबाजूला तयार होणाऱ्या अप्रत्यक्ष नोकऱ्याही अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालावरून धरता येतात, म्हणून बहुतेक लोक तिकडे वळतात. चार मित्रांनी मिळून एक हॉटेल टाकायचं आणि चौघांनी ईबी-५ करायचं, हे २०२२ नंतर रीजनल सेंटरशिवाय जमत नाही.

मी एच-१बीवर आहे, ईबी-२ च्या रांगेत दहा वर्षं काढली. मला याचा काय फायदा?

आज सर्वात जास्त फोन याच लोकांचे येतात : एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले आणि ईबी-२ या नोकरीवरून ग्रीन कार्ड देणाऱ्या गटात अडकलेले. २०२२ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली : तुम्ही अमेरिकेत कायदेशीर व्हिसावर असाल आणि तुमच्या गटात व्हिसा उपलब्ध असेल, तर आय-५२६ई (गुंतवणूकदाराचा) आणि आय-४८५ (अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागण्याचा) हे दोन्ही अर्ज एकत्र दाखल करता येतात. आय-४८५ प्रलंबित असताना कामाचा परवाना आणि प्रवासाची परवानगी मागता येते. म्हणजे उद्या कंपनीनं काढलं तर ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधायची धावपळ राहत नाही. खरं सांगायचं तर कितीतरी लोक ८ लाख डॉलर या निर्धास्तपणासाठीच मोजतात, ग्रीन कार्ड त्यानंतरची गोष्ट. ईबी-२ ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, तशीच राहते, ती रांग सोडावी लागत नाही.

भारतीयांची रांग ईबी-५ मध्येही आहे म्हणतात. खरं काय?

वर्षाला साधारण १० हजार व्हिसा, त्यातही बायकामुलं धरून. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. अराखीव गटात भारत आणि चीन मागे पडलेले आहेत. पण २०२२ पासून ३२ टक्के व्हिसा राखीव आहेत : ग्रामीण २० टक्के, जास्त बेरोजगारीचा भाग १० टक्के, पायाभूत सुविधा २ टक्के. हे राखीव गट २०२५ अखेरपर्यंत भारतासाठी खुले होते. अर्ज भराल त्या महिन्याचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या गटात व्हिसा उपलब्ध आहे हे सांगणारं अमेरिकन सरकारचं मासिक पत्रक, बघा, कारण गर्दी वाढली की हेही बंद होऊ शकतात. ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना तपासणीत प्राधान्य मिळतं, ते कायद्यातच लिहिलं आहे.

"पैशाचा स्रोत" दाखवायचा म्हणजे काय काय द्यायचं?

फाईल अडते ती इथेच. ८ लाख डॉलर असणं आणि ८ लाख डॉलर कुठून आले हे कागदावर दाखवणं, यात आपल्याकडे फार अंतर असतं.

पगारदाराचं सोपं. फॉर्म १६, सात वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे. अमेरिकेत कंपनीचे शेअर मिळाले असतील तर ते विकल्याचा ब्रोकरचा कागद आणि डब्ल्यू-२, म्हणजे तिकडचा फॉर्म १६. एका बैठकीत बरंचसं उरकतं.

फ्लॅट विकून पैसे उभे करणाऱ्यांना पहिला प्रश्न : खरेदीखतावर किती लिहिलंय? कोथरूडचा फ्लॅट २ कोटींना गेला, पण कागदावर १ कोटी ६० लाख आणि वरचे ४० लाख रोख, असं असेल तर ईबी-५ साठी तुमच्याकडे १ कोटी ६० लाखच आहेत. वरचे पैसे नाहीतच असं समजा. ते मामाच्या खात्यात टाकून बक्षीस म्हणून फिरवण्याची कल्पना दर वेळी कुणीतरी मांडतं. मग मामाचाही स्रोत दाखवावा लागतो आणि गाडी तिथंच थांबते. दुसरा प्रश्न : तो फ्लॅट मुळात कोणत्या पैशातून घेतला होता? १९९८ चं खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गृहकर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, हे सगळं काढून ठेवा. विकणारा परदेशस्थ असेल तर खरेदीदाराला टीडीएस कापावाच लागतो आणि तो अंगावर येण्याइतका मोठा असतो. कमी दरानं कापण्याचं प्रमाणपत्र व्यवहाराआधी मागा, नंतर नाही.

जमिनीच्या फायलीत मात्र आम्ही महिने घालवतो. समजा, शिरूर तालुक्यातली वडिलोपार्जित चार एकर विकली. सातबारा, आठ-अ, आजोबांपासूनचे फेरफार, वारस नोंद, बहिणींचं हक्कसोडपत्र, विक्रीचं खरेदीखत, इंडेक्स टू, आणि ज्या खात्यात चेक जमा झाला त्याचा उतारा. सातबाऱ्यावर नाव "बाळू", पासपोर्टवर "बाळासाहेब", आधारवर आणखी तिसरं. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र हवं, शक्य तर राजपत्रात नोंद. मग या सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. जुना फेरफार तलाठ्याच्या हस्ताक्षरातला असतो आणि "०.४० आर पोटखराबा" हे अमेरिकेतल्या तपासनिसाला कळेल असं लिहिणारा भाषांतरकार सहज मिळत नाही. शेती उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे "उत्पन्न होतं तर विवरणपत्रात का नाही?" हा प्रश्न तिकडून येतोच. बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या, साखर कारखान्याची बिलं, जमा झालेल्या रकमांचं पासबुक, यातलं जे जपून ठेवलं असेल ते इथे कामाला येतं.

त्या मानानं समृद्धी महामार्गाच्या किंवा एखाद्या भूसंपादनाच्या मोबदल्याचा पैसा सर्वात स्वच्छ. सरकारचा आदेश किंवा नोंदलेलं खरेदीखत आणि थेट बँकेत जमा. अशी फाईल आली की आमच्या कार्यालयात चहा जरा लवकर मागवला जातो.

घरातलं सोनं विकून काही भाग उभा केला तर?

बिलं आहेत? नसतील तर त्या भानगडीत पडू नका. आजीचे तोडे खरे असतात, पण त्यांचा कागद नसतो. दुसरा स्रोत असेल तर तोच वापरावा.

कर्ज काढून भरता येतात का?

अमेरिकेच्या बाजूनं येतात, मात्र कर्जाचा पैसाही कायदेशीर हवा. अडचण आपल्या बाजूला आहे. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली परदेशात भांडवली गुंतवणुकीला पैसे पाठवायचे असतील तर बँकेनं त्यासाठी कर्ज द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं स्पष्ट सांगणं आहे. पुण्यातला बंगला गहाण टाकून तो पैसा सरळ अमेरिकेला पाठवायचा बेत असेल तर आधी बँकेच्या परकीय चलन विभागाशी बोला. अमेरिकेत स्वतःचं घर असेल आणि त्यावर तिकडच्याच बँकेकडून कर्ज घेतलं, तर हा प्रश्न येत नाही.

भारतातून ८ लाख डॉलर एकदम पाठवता येतात?

निवासी भारतीयाला एलआरएसखाली आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, माणशी २ लाख ५० हजार डॉलर. नवरा-बायकोनं मार्चमध्ये प्रत्येकी एकदा आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी एकदा पाठवले तर महिन्या-दोन महिन्यांत १० लाख डॉलरची मर्यादा मिळते. म्हणून आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते.

पण नुसती मर्यादा जोडून भागत नाही. गुंतवणूक नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि बायकोची मर्यादा वापरलेली, तर बँक विचारते, या गुंतवणुकीत बायको भागीदार आहे का? प्रत्येक बँक याचा अर्थ थोडा वेगळा लावते. शिवाय बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीतला हिस्सा २०२२ च्या विदेशी गुंतवणूक नियमांत येऊ शकतो. मग त्याचे फॉर्म आणि दर वर्षीची माहिती आलीच. पैसे पाठवून झाल्यावर हे शोधण्यापेक्षा आधी बँकेकडून लेखी घ्या.

काही रीजनल सेंटर हप्त्यानं पैसे घेतात आणि अर्धवट भरणा असताना अर्ज दाखल करू देतात. उरलेल्या पैशाचाही स्रोत त्याच वेळी कागदावर तयार असेल तरच या वाटेनं जावं, असं आमचं मत.

टीसीएसमध्ये किती पैसे अडकतात?

टीसीएस म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर. गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के. सूट मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला १० लाख रुपये. ९० रुपयांच्या भावानं अडीच लाख डॉलर म्हणजे २ कोटी २५ लाख. त्यातले १० लाख वगळून २ कोटी १५ लाखांवर टीसीएस ४३ लाख. हा खर्च नाही, आयकरातून वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत हे ४३ लाख हाताशी लागतात. लोक नेमके हेच विसरतात आणि शेवटच्या आठवड्यात एफडी मोडतात.

मी एनआरआय आहे. मला एलआरएस लागू होतं का?

नाही. एनआरई (परदेशी कमाईच्या) खात्यातले पैसे मोकळेपणानं नेता येतात. एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून कर भरून आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत. वारसानं आलेली शेतजमीन एनआरआयला विकता येते, मात्र भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

आई-वडिलांनी मुलाला पैसे बक्षीस दिले तर चालतं?

चालतं, आणि सर्रास होतं. बक्षीसपत्र करा, पैसे बँकेतूनच द्या, आणि देणाऱ्याच्या पैशाचा स्रोत वरच्यासारखाच पूर्ण दाखवा. अमेरिकेत करदाता असलेल्या मुलाला भारतातल्या आई-वडिलांकडून वर्षात १ लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं तर त्यानं फॉर्म ३५२० भरायचा असतो. कर नाही, फक्त माहिती. पण ती दिली नाही तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिकडच्या सीएला हे स्वतःहून विचारा.

अर्ज मुलाच्या नावावर करावा की आमच्या?

मूल १६-१७ चं असेल आणि सगळ्यांनाच जायचं असेल तर आई-वडिलांपैकी एकाच्या नावावर. अर्ज प्रलंबित राहिलेला काळ मुलाच्या वयातून वजा होतो. राखीव गट खुला असेल तर व्यवहारात अर्ज दाखल झाला त्या दिवशीचंच वय धरल्यासारखं होतं. २१ वा वाढदिवस तोंडावर असेल तर घाई करायला कारण आहे.

तुम्हाला इथंच राहायचंय आणि मुलगी तिकडे एमएस करतेय, तर तिच्या नावावर. मग तुम्हाला ग्रीन कार्ड मिळत नाही. ती नागरिक झाल्यावर तुमच्यासाठी अर्ज करू शकते. एक सावधगिरी : एफ-१ हा परत जाण्याच्या इराद्यावर मिळणारा विद्यार्थ्यांचा व्हिसा. ईबी-५ अर्जानंतर तो मुंबईत येऊन नव्यानं शिक्का मारून घेणं अवघड होतं, तेव्हा सुट्टीत घरी यायचा बेत वकिलाला विचारून करावा.

प्रकल्प चांगला आहे हे ओळखायचं कसं?

व्हरमाँटमधल्या जे पीक या स्की रिसॉर्टचं प्रकरण वाचा. किमान ७४ देशांतल्या गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून जास्त गोळा झाले होते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या सेबीसारख्या संस्थेनं, म्हणजे एसईसीनं, त्यातले २० कोटींहून अधिक वळवल्याचा आरोप ठेवला. पुढे प्रवर्तकांनी फौजदारी गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. माहितीपत्रकं तिथलीही चकचकीतच होती.

आम्ही अशिलांना हे विचारायला सांगतो. प्रकल्पाच्या मंजुरीचा आय-९५६एफ अर्ज दाखल आहे की मंजूर? एकूण भांडवलात ईबी-५ चा वाटा किती, आणि बँकेचं कर्ज आधी फेडायचं की तुमचं? बांधकाम सुरू झालंय का? लागणाऱ्या दहापेक्षा किती जास्त नोकऱ्या धरल्यात, म्हणजे प्रकल्प थोडा फसला तरी तुमच्या वाट्याला दहा उरतील का? पैसे किती वर्षांनी परत, आणि ती मुदत कुणाच्या मर्जीनं वाढते? कायद्यात दोन वर्षांचा उल्लेख असला तरी प्रकल्पांचे करार साधारण पाच वर्षांचे आणि वर मुदतवाढीचे असतात. व्याजाची अपेक्षा ठेवू नका. अर्धा-एक टक्का, कधी तेवढंही नाही.

आणि पंचतारांकित हॉटेलातल्या सेमिनारला जाल तेव्हा एजंटाला तोंडावर विचारा, तुम्हाला या प्रकल्पाकडून किती कमिशन आहे? ते लेखी जाहीर करणं २०२२ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. उत्तर टाळलं तर चहा-बिस्किटं घेऊन घरी या. वकीलही एजंटानं दिलेला नको, स्वतःचा असू द्या.

गोल्ड कार्ड आल्यावर ईबी-५ कशाला?

सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशातलं गोल्ड कार्ड म्हणजे अमेरिकन सरकारला १० लाख डॉलर देणगी. ती परत येत नाही. व्हिसा मिळतो तो ईबी-१ किंवा ईबी-२ च्या कोट्यातून, आणि भारतीयांसाठी त्या दोन्ही रांगा तुंबलेल्या आहेत. ईबी-५ संसदेच्या कायद्यानं आहे, तो आदेशानं रद्द होत नाही.

ग्रीन कार्ड मिळालं की इथल्या एफडी, पीपीएफ, म्युच्युअल फंडांचं काय?

जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवायचं. पीपीएफचं व्याज इथं करमुक्त, तिथं नाही. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. भारतीय म्युच्युअल फंडांवरचे तिकडचे नियम इतके जाचक आहेत की जाण्यापूर्वी ते विकायचे का, हे तिकडच्या करतज्ज्ञासोबत बसून ठरवा. एच-१बीवर असलेल्यांना हे सगळं आधीच लागू असतं. खरा धक्का बसतो तो पुण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्या साठीतल्या उद्योजकाला.

कार्ड घेऊन सहा-आठ महिने इथंच राहिलं तर?

सहा महिन्यांच्या वर गेलात की विमानतळावर प्रश्न सुरू. परत येण्याचा परवाना न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड जाऊ शकतं. पासपोर्ट मात्र भारतीयच राहतो. पाच वर्षांनी, सशर्त काळ धरून, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड.

"मुदत संपतेय, आत्ताच भरा" असं सगळे म्हणतात. खरं आहे?

तारखा खऱ्या आहेत. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे रीजनल सेंटर योजना बंद पडली तरी संरक्षण आहे. योजनेची मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. १ जानेवारी २०२७ पासून रक्कम महागाईनुसार वाढवण्याची तरतूद आहे. पण तारीख गाठायची म्हणून अर्धी फाईल टाकणं महागात पडतं. जमिनीचा पैसा असेल तर कागदांनाच चार-सहा महिने धरा.

अमेरिका नको, दुसरीकडे स्वस्तात जमतं का?

दारं मिटत चालली आहेत. कॅनडानं केंद्रीय गुंतवणूकदार योजना २०१४ मध्ये बंद केली, ब्रिटननं फेब्रुवारी २०२२ मध्ये, आयर्लंडनं २०२३ मध्ये, स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये. ग्रीस चालू आहे, पण अथेन्ससारख्या ठिकाणी ८ लाख युरो. दुबईचा २० लाख दिरहमच्या मालमत्तेवरचा गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा असतो आणि नूतनीकरण होतं, पण तो कायमचा निवास नाही. पोर्तुगालनं २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, ५ लाख युरोचा फंडाचा मार्ग ठेवला.

गोव्याहून कुणी पोर्तुगालबद्दल विचारलं की आम्ही आधी आजी-आजोबांचा जन्म कुठे आणि कधी झाला ते विचारतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा वारस म्हणून हक्क बसत असेल तर गुंतवणुकीची गरजच नसते. मात्र तो मार्ग थेट नागरिकत्वाचा आहे, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.